रस्त्याची डावी बाजू

आमच्या घरात माझ्या गोष्टींवर कुणाचा विश्वास नाही. बायको म्हणते, तुझी प्रत्येक गोष्ट दरवेळी दोन किलोनं वाढते. मुलगी सोळा वर्षांची, जन्म डब्लिनचा. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर येतं ते आयरिश हेल काढलेल्या इंग्रजीत. मी गोष्ट सुरू केली की मागच्या वेळी मी काय सांगितलं होतं ते ती वकिलासारखं मला ऐकवते. मी डब्लिनजवळ मेनूथला राहून सॉफ्टवेअरचं काम करतो. दिवसभर एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी सगळं कोसळेल अशा धास्तीत असतो, म्हणून जेवणाच्या टेबलावर जरा सैल सोडतो, एवढंच.

माझी हुकमी गोष्ट बाबांची.

अलिबागला आमचं बिऱ्हाड इस्राएल आळीला लागून होतं. कोकणात शेकडो वर्षं राहिलेले, घरात मराठी बोलणारे, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले ज्यू आहेत, हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. आम्हाला ते शेजारचे काका-काकू, एवढंच ठाऊक होतं. काकांचं फर्निचरचं दुकान होतं आणि अंगाला कायम रंध्याच्या भुशाचा वास. काकूंच्या हातचा मलिदा म्हणजे भिजवलेले गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वेलची, वर केळ्याचे आणि सफरचंदाचे काप. कुणाचं लग्न ठरलं, कुणी आजारातून उठलं, कुणी परदेशी निघालं की मलिदा. माझ्या लहानपणी परदेशी निघण्याचेच मलिदे जास्त झाले. आम्ही पोरं बशी चाटूनपुसून साफ करायचो आणि आळीतलं आणखी एक घर इस्राएलला गेलं हे आमच्या गावीही नसायचं.

माणसं कमी झाल्यावर एक अडचण सुरू झाली. गेलेल्या माणसासाठी त्यांची जी प्रार्थना असते ती दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही. काकांच्या वडिलांचं वर्ष होतं त्या दिवशी सिनेगॉगमध्ये नऊच जमले. काका दारात उभे राहून रस्त्याकडे बघत होते. समोरून आमचे बाबा पोस्टातून जेवायला घरी येत होते. “मी चालेन का दहावा?” बाबांनी विचारलं. काकांनी त्यांचा हात धरून आत नेलं, डोक्यावर टोपी ठेवली, आणि प्रार्थना झाली.

इथे मी थांबायचो. थांबायचं कुठं हे मला नेमकं कळतं. दिवाळीच्या फराळाला, गणपतीला, एकदा तर ऑफिसच्या पार्टीत इंग्रजीतून, ही गोष्ट मी वीसेक वर्षं सांगत आलो. प्रत्येक वेळी कुणीतरी डोळे टिपले आहेत.

मेनूथला आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. ब्याऐंशी वर्षांचे, विधुर, मुलगी कॅनडात. इथल्या रीतीप्रमाणे त्यांना पहिल्या नावानं हाक मारायला हवी, पण वडिलांच्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारायला माझी जीभ वळत नाही. ‘सर’ म्हटलं तर ते मागं वळून कोण सर ते बघतात. त्यामुळे मी जुन्या काळच्या बायका नवऱ्याशी बोलायच्या तसं, हाक न मारताच थेट वाक्य सुरू करतो. घरात ते ‘शेजारचे आजोबा’. त्यांनी डब्लिनमध्ये चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं, आणि आता त्यांच्याच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख मिळाली होती ती करोनामुळे पुढे गेली, मग आणखी पुढे. “गावाला अक्षरं वाचायला लावली मी,” ते म्हणायचे, “आता माझी पाळी आली तर तक्ताच हलवला.”

दोन हजार वीसच्या मार्चात सत्तरीच्या वरच्यांनी घरातच राहावं असं सांगितलं गेलं, तेव्हापासून त्यांचं सामान आम्ही आणायला लागलो. दूध, पाव, हेरिंग मासा आणि एका ठरावीक कंपनीचीच बिस्किटं. मी पिशवी कुंपणावरून द्यायचो, मग ते त्यांच्या बाजूला खुर्ची टाकायचे, मी माझ्या बाजूला, आणि आम्ही बोलायचो. खरं तर मीच बोलायचो. बाबांची गोष्ट त्यांना तिसऱ्याच दिवशी सांगून झाली होती. “ग्रँड गोष्ट आहे,” ते म्हणाले आणि बराच वेळ कपाकडे बघत राहिले. मला वाटलं, गोष्ट लागली.

एप्रिलमध्ये त्यांचा मावसभाऊ वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये वारला. अंत्यविधीला तेव्हा दहाच माणसांना परवानगी होती. “सरकारनं आयुष्यात पहिल्यांदा आमचा ज्यूंचा आकडा बरोबर धरला,” आजोबा कुंपणापलीकडून म्हणाले, आणि रुमालानं चष्मा पुसत बसले. त्या चष्म्यानं त्यांना तसंही काही दिसत नव्हतं. ते स्वतः जाऊ शकले नव्हते.

मावसभाऊ गेल्यानं नेमकं काय गेलं ते मला ऑगस्टमध्ये कळलं. तेव्हा आमच्या कुंपणावर ब्लॅकबेरी पिकल्या होत्या. ते बिया थुंकत सांगत होते.

त्यांची आई आणि मावशी एकोणीस-वीस वर्षांच्या असताना लिथुआनियातल्या एका छोट्या गावातून एका काकाच्या ओळखीनं डब्लिनला आल्या. बाकी सगळे तिथंच राहिले. गावाला मोठा असा एकच रस्ता होता, बाजारापासून गिरणीपर्यंत, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बहुतेक घरं ज्यूंची. युद्धात जर्मन आले. त्या वर्षी, ज्यूंच्या नव्या वर्षाला दोन दिवस उरले असताना, त्या सगळ्यांना, म्हातारे, बायका, तान्ही मुलं, गावाबाहेरच्या रानात रेतीच्या खड्ड्यांपाशी नेलं आणि गोळ्या घातल्या. नेणाऱ्यांत जर्मन होते आणि त्याच गावातले काही लोकही होते, त्याच शाळेत त्याच बाकांवर शिकलेले. संध्याकाळपर्यंत रस्ता रिकामा झाला. डब्लिनमध्ये दोघी बहिणींना हे कळायला युद्ध संपावं लागलं. गावातल्या एका बाईनं पत्र पाठवलं तेव्हा कळलं.

पत्र आल्यावर दोघी स्वयंपाकघरात बसल्या आणि त्यांनी रस्ता म्हणायला घेतला. घराशेजारी घर, त्यातलं प्रत्येक माणूस. उजवी बाजू आई, डावी बाजू मावशी, कारण लहानपणी शाळेतून येताना आई उजव्या कडेनं चालायची आणि मावशी डाव्या. पुढे दरवर्षी त्या दिवशी दोघी असंच म्हणत आल्या. आई गेल्यावर उजवी बाजू आजोबांकडे आली, मावशी गेल्यावर डावी मावसभावाकडे. दोघं डब्लिनच्या सिनेगॉगमध्ये जायचे, दहा जण जमले की प्रार्थना व्हायची, आणि मग अंगणात समोरासमोर उभे राहून रस्ता म्हणायचे.

“माझी बाजू पाठ आहे,” ते म्हणाले. “त्याची मी कधी पाठ केली नाही. त्याची होती ना ती.”

मावशीनं मात्र आपली बाजू लिहून ठेवली होती. नर्सिंग होममधून मावसभावाच्या सामानाचं खोकं आलं होतं, त्यात ती वही होती. यिद्दिश, म्हणजे तिकडच्या ज्यूंची भाषा, बारीक अक्षर, शाई उडालेली. आजोबांना ती वाचता येत होती, पण दिसत नव्हती. त्यांच्या मुलीला दिसली असती, पण वाचता येत नव्हती. डब्लिनला जायला मुलीनं कॅनडातून सक्त मनाई केली होती, त्यांची छाती नाजूक म्हणून.

“पत्र आल्यापासून एकही वर्ष चुकलेलं नाही,” ते म्हणाले. “या वर्षी डावी बाजू राहणार.”

मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं आणि मी नको तितकं बोलून बसलो. मी म्हटलं, दहा माणसं मी जमवतो.

ते काहीतरी सांगायला लागले, पण मी तोवर घरात पोचलो होतो. बाबांचा मुलगा होतो ना मी. मेनूथच्या मराठी मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, एरवी त्यावर कढीपत्ता कुठल्या दुकानात आला याचीच चर्चा चालते. त्यावर मी असं काही लिहिलं की अर्ध्या तासात दहा पुरुष तयार झाले. पाच आयटीवाले, तीन चिपच्या कारखान्यातले, एक पीएचडी करणारा आणि मी. उघड्या हिरवळीवर, दोन-दोन मीटर सोडून, नियम मी तीनदा वाचला होता. दिवस आला गुरुवारचा, आणि त्याच दिवशी आमची सर्वपित्री अमावास्या निघाली. हे कळल्यावर तर मी पुढची वीस वर्षं ही गोष्ट कशी सांगणार तेही ठरवून टाकलं.

“दहाही पुरुषच का?” बायकोनं विचारलं.

मी म्हटलं, तसा नियम आहे.

“म्हणजे आम्ही फक्त वडे तळायचे.”

सोमवारी आईला पुण्याला व्हिडिओ कॉल लावला, फुशारकी मारायलाच. आई फोन असा धरते की फक्त तिचं कपाळ आणि पंखा दिसतो. मी सगळं सांगितलं. बाबांसारखंच करतोय बघ, म्हटलं.

कपाळाला आठी पडली. “बाबांसारखं म्हणजे?”

“दहावा माणूस.”

“कोण म्हणालं ते दहावे झाले? अरे, त्यांना बसवून घेतलं, सरबत दिलं, पण मोजलं नाही. त्यांच्यातलाच लागतो ना दहावा. रेवदंड्याहून कुणीतरी यायचे होते, त्यांची एसटी चुकली. ते तीन वाजता आले, मग झाली प्रार्थना. तुझे बाबा तोवर तिथंच बसून. इकडं मी ताट वाढून चिडलेली. म्हणतात कसे, नऊ माणसं वाट बघत बसलीत, त्यांना सोडून जेवायला कसा येऊ?”

मी विचारलं, मग हे मला कधी का सांगितलं नाहीस?

“तू सांगायला लागलास की मध्ये बोलायची सोय असते का कुणाला?”

मुलगी सोफ्यावर होती. तिनं सगळं ऐकलं होतं. एरवी अशी संधी ती सोडत नाही, पण त्या दिवशी ती उठून आपल्या खोलीत गेली, आणि तेच मला जास्त लागलं. वीस वर्षं मी त्या गोष्टीचा शेवट बदलून सांगत होतो आणि स्वतःच तो खरा मानून बसलो होतो. त्याच्या जोरावर आता ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला शब्द देऊन बसलो होतो.

कुंपणापाशी जाऊन मी आजोबांना खरं ते सांगितलं. मान खाली घालूनच. ते हसायला लागले, इतके की खोकला आला.

“मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून माहीत होतं,” ते म्हणाले. “तू इतकं छान सांगत होतास, कशाला मोडता घालू?” मग म्हणाले, “पण ही गोष्ट जास्त चांगली आहे. किती वेळ बसले तुझे वडील?”

“एक ते तीन.”

“उपाशी?”

“हो.”

“मग घेऊन ये तुझ्या माणसांना. प्रार्थना होणार नाही. रस्ता म्हणायला आकडा लागत नाही.” वळता वळता म्हणाले, “निदान अर्धा.”

उरलेल्या अर्ध्याचा उपाय माझ्या मुलीनं काढला. वहीच्या पानांचे फोटो काढून ते टीव्हीवर टाकायचे. लॉकडाउनमध्ये आम्ही भिंतभर टीव्ही घेतला होता, एवढा कशाला म्हणून बायकोनं ऐकवलेलाही. मंगळवारी दुपारी तो मागच्या काचेच्या दाराला आतून चिकटवून उभा केला. आजोबा बाहेर बागेत खुर्चीवर, अंगात ओव्हरकोट. काचेवर उन्हाची तिरीप येत होती म्हणून बायकोनं त्यांच्या डोक्यावरून आमची सोलापुरी चादर घातली. जुन्या काळचा फोटोग्राफर बसावा तसे ते दिसत होते. मुलीनं पहिलं अक्षर ताटाएवढं केलं.

“ही सगळ्यात वरची ओळ,” चादरीतून आवाज आला. “माझे पेशंट म्हणायचे, हे तर आंधळ्यालाही दिसेल.” मग त्यांनी पहिलं नाव वाचलं.

मी शेजारी वही घेऊन बसलो होतो. मी देवनागरीत लिहिलं, कारण जसं कानावर पडतं तसं मला त्यातच पटकन उतरवता येतं, आणि पुन्हा वाचायला मीच असणार होतो. लोहार, त्याची आई, त्याचे दोन मुलगे. दूधवाली विधवा. जिच्या परसात रस्त्यावरच्या सगळ्या मुलांनी प्लम चोरले होते ती बाई, हे मावशीनं तसंच लिहिलं होतं. त्या नावाला आजोबा चादरीत हसले. आईकडे तिची वेगळी गोष्ट होती, म्हणाले, त्यात चोरी मावशीनं एकटीनंच केली होती. एक घोडा होता, त्याचंही नाव होतं. दोन तास लागले. अधूनमधून मुलगी अक्षर सरकवायची, बायको चहा बाहेर ठेवून लांब व्हायची. पाचच्या सुमाराला त्यांनी मला पहिल्यापासून वाचून दाखवायला सांगितलं.

मी वाचत गेलो. सातव्या घराशी आलो. “पाववाला,” मी नाव वाचलं, “आणि त्याची निळ्या डोळ्यांची बायको.” पुढे तिचं नाव.

“निळे मी म्हणालो?”

“नाही.”

“मावशीनं लिहिलंय?”

मी म्हटलं, नाही. ऐकायला बरं वाटतं म्हणून माझ्या हातून गेलं.

त्यांनी चादर डोक्यावरून मागं केली. “तिचे काळे असले तर? तिच्याबद्दल एवढी एकच ओळ उरलीय. ती तरी तिची असू दे.”

मी ते शब्द खोडले. मग आधीची पानं उलटून आणखी दोन ठिकाणी खोडलं, त्यांनी न विचारता. लोहाराला मी धिप्पाड केलं होतं. म्हाताऱ्या शाळामास्तरांना दयाळू.

गुरुवारी सकाळी बायकोनं खीर-वडे केले आणि पितरांचा घास मागच्या भिंतीवर ठेवला. इथे कावळ्याच्या जातीचे बारीक, राखी मानेचे पक्षी असतात, त्यांना असल्या गोष्टींचं काही पडलेलं नसतं, एका मिनिटात त्यांनी पान साफ केलं. आजोबांनी कुंपणावरून विचारलं, हे कुणासाठी? मी सांगितलं, ज्यांची तिथी ठाऊक नाही, ज्यांच्यासाठी करायला कुणी उरलं नाही, त्या सगळ्यांसाठी. त्यांनी त्या भिंतीकडे मान हलवली.

दुपारी हिरवळीवर आम्ही जमलो. नऊ मित्र स्वेटर घालून लांब लांब उभे. बायकोनं आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं की मोजायचंच नसेल तर ती आणि मुलगीही येणार, आणि त्या आल्या. आजोबा घरासमोर कडेला उभे राहिले, टाय लावून. मी त्यांच्या समोर, मधे आमच्या वसाहतीचा डांबरी रस्ता. गिरणीपासून बाजाराकडे, त्यांनी सुरुवात केली. त्यांचं एक घर, मग माझं एक घर. माझे उच्चार धड नव्हते हे त्यांच्या भुवयांवरून कळत होतं, पण ते थांबवत नव्हते. पोस्टमनची व्हॅन आली, आम्हाला बघून कोपऱ्यावरच थांबून राहिली.

तेराव्या घरी शिंपी होता. त्याचं नाव, त्याच्या बायकोचं, तिन्ही मुलांची. त्यानंतर मावशीनं लिहिलं होतं, बाळ, मुलगी, नाव पुढच्या पत्रात कळवू. शिंप्याकडून डब्लिनला आलेल्या शेवटच्या पत्रातले हे शब्द होते. मंगळवारी ते वाचताना आजोबांनी मुलीला पान परत मागं घ्यायला लावलं होतं, पुढे काही आहे का बघायला. नव्हतं.

आता मी त्या ओळीशी उभा होतो. माझ्या डोक्यात आपोआप नावं यायला लागली, मला ती सवयच आहे. मी एकही उच्चारलं नाही. “बाळ,” मी वाचलं, “मुलगी.” आणि थांबलो. रस्त्यापलीकडे आजोबाही थांबले होते. एरवी कुठं थांबायचं ते मी ठरवतो. तिथं मला ठरवावं लागलं नाही. मग त्यांनी त्यांचं चौदावं घर घेतलं.

शेवटी बाजार आला. बायकोनं केलेला मलिदा, फोनवरून आईला विचारून केलेला, कागदी बशांमधून सगळ्यांना दिला. आजोबांनी आयुष्यात कधी मलिदा खाल्ला नव्हता. दुसरी बशी मागितली.

पुढच्या वर्षी लस झाली, त्यांचे डोळे झाले, आणि त्या दिवशी ते ट्रेननं डब्लिनला निघाले. मला बरोबर घेतलं, आणि मी देवनागरी वही. वाटेत त्यांनी माझा चेहरा पहिल्यांदा नीट बघितला आणि म्हणाले, तू आवाजावरून बारीक वाटायचास. सिनेगॉगमध्ये मला मागच्या बाकावर बसवलं, टोपी दिली. मी मोजले तर नऊ होते. कुणीही माझ्याकडे बघितलं नाही, ते बरं वाटलं. दहावा येईपर्यंत आम्ही बसून राहिलो.

घरी आल्यावर मुलीनं विचारलं, किती वेळ?

“तासभर,” मी म्हटलं.

ती बघत राहिली.

“चाळीस मिनिटं,” मी म्हटलं. “आणि निघताना मी खाऊन गेलो होतो.”